घारीला पाणी

दिल्लीत आमच्या आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये दारामागे एक पुठ्ठ्याचं खोकं कायम तयार असतं. खालच्या बाजूने त्याला पेन्सिल जाईल एवढी भोकं पाडली आहेत आणि तळाशी एक जुनी सुती साडी चौघडी करून अंथरली आहे. साडी माझ्या बायकोची. ती गेल्या हिवाळ्यात गेली. त्यानंतर घरात बसून वाचणं मला जमेना. आयुष्यभर दुसरं काही केलं नव्हतं. नोकरीही एका मंत्रालयाच्या ग्रंथालयातली. पण आता पान उलटलं की मागच्या पानावर काय होतं ते आठवत नसे. मी उठायचो, गॅस बंद आहे का बघायचो, येऊन बसायचो, पुन्हा उठायचो. संध्याकाळी कॉलनीला फेऱ्या मारायचो आणि प्रत्येक फेरीत आपल्याच खिडकीकडे बघायचो. दिवा नसायचा.

अशाच एका फेरीत जखमी पोपट सापडला आणि त्याच्या निमित्ताने जखमी पक्षी-प्राणी वाचवणाऱ्या लोकांशी ओळख झाली. कोणी फोन करतं, आमच्यातलं जवळचं कोणी जाऊन पक्षी किंवा प्राणी उचलतं, खोक्यात घालतं आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, रिजच्या टेकडीपलीकडे, उपचार केंद्रात नेऊन देतं. आम्ही औषध करत नाही, फक्त पोहोचवतो. आमचे फोन घेणारी मुलगी मुनिरकात खोली करून राहते, लातूरकडची आहे आणि मोठ्या परीक्षेचा अभ्यास करते. तिने मला पहिल्याच दिवशी नियम सांगितले होते. "काका, खोकं बंद म्हणजे बंद. अंधारात ते शांत राहतात. मध्ये उघडून बघायचं नाही, बोलायचं नाही, खायला द्यायचं नाही. आणि पाणी तर बिल्कुल नाही."

"पाणी का नाही?" मी विचारलं होतं.

"त्यांची श्वासनळी जिभेच्या मुळाशीच उघडते. आपण प्रेमाने चमचा लावतो आणि पाणी फुप्फुसात जातं. जखमेने मरत नाहीत काका, पाण्याने मरतात. आणि आपल्या लोकांना पहिल्यांदा पाणीच सुचतं."

पंधरा ऑगस्टच्या आधीचा शनिवार होता. त्या दिवसांत दिल्लीचं आकाश पतंगांनी भरलेलं असतं आणि मांजा दिसत नाही. घारी मात्र रोजच्याच वाटेने घिरट्या घालत असतात. दुपारी खालच्या मजल्यावरच्या काकू धापा टाकत जिना चढून आल्या. काकू मूळच्या नागपूरच्या, सत्तरी ओलांडलेल्या. मुलाच्या नोकरीमुळे इथे राहतात. मुलगा-सून त्या दिवशी बाहेर गेली होती.

"भाऊ, चला लवकर. गच्चीवर घार पडली आहे. कपडे काढायला गेले तर ही तिथे, टाकीच्या सावलीत. पंख पार चिरला आहे हो."

मी खोकं आणि टॉवेल घेऊन वर गेलो. घार भिंतीला टेकून बसली होती. डावा पंख उघडाच राहिला होता आणि त्याच्या पुढच्या कडेला, जिथे कातडीचा ताणलेला पडदा असतो, तिथे मांजाची चीर होती. चोच उघडी होती. छातीवरची पिसं ओली होती. शेजारी एक चमचा पडला होता आणि त्याच्या शेजारी तांब्याची छोटी लोटी. गंगेचं पाणी तोंडाला कथलाचा डाग लावून बंद करून आणतात ना, तसली. डाग फोडलेला होता.

"काकू, पाणी घातलंत?"

"घातलं की! चोच उघडून बसली होती बिचारी. तहानलेल्या जिवाला पाणी नाही घालायचं तर काय भाषण द्यायचं?"

"किती घातलं?"

"आता काय मोजत बसले मी? घातलं चमच्याने. अर्धं सांडलं." मग जरा आवाज उतरवून म्हणाल्या, "मरतेच आहे असं वाटलं मला. म्हणून साधं नाही, हे घातलं. माझ्यासाठी ठेवलं होतं."

मी घारीच्या डोक्यावर टॉवेल टाकला, पंख मिटून धरले, नख्यांपासून हात दूर ठेवत तिला उचललं. टॉवेलमधून खरखर ऐकू आली. दम्याचा माणूस झोपेत करतो तशी. खोक्यात ठेवून झाकण लावलं, चिकटपट्टी ओढली आणि फोन केला.

"किती पाणी गेलंय?" मुलीने विचारलं.

"माहीत नाही."

"काका, डॉक्टर संध्याकाळपर्यंतच आहेत आज. निघाच तुम्ही. आणि खोलायचं नाही हां."

मेट्रोत जिवंत पक्षी नेता येत नाही. मी रिक्षा थांबवली आणि मांडीवर खोकं घेऊन बसलो, तर शेजारी काकू. हातात पिशवी, पायात घरातल्याच चपला.

"तुम्ही कशाला?"

"मी घातलंय नं पाणी. मग मीच येणार."

रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. "बाबूजी, मुर्गा है?"

"चील है."

"चील! निकल के मेरी गर्दन पे बैठ गई तो?"

"तू आगे देख के चला, भैया. वो बीमार है," काकू म्हणाल्या.

"हमारी गाड़ी में बकरी गई है, कुत्ते के पिल्ले गए हैं, एक बार तो पूरा दूल्हा गया है, सेहरे के साथ. चील पहली बार जा रही है."

मी ओठांवर बोट ठेवलं. माणसाचा आवाज त्यांना भिववतो. रिक्षावाला समजूतदार निघाला, त्याने गाणंही बंद केलं. काकूंना मात्र गप्प बसणं म्हणजे शिक्षा होती. धौला कुआँपर्यंत त्यांनी दम धरला. तिथून पुढे दर थोड्या वेळाने पदर तोंडाशी धरून कुजबुजायच्या, "आहे का?"

"आहे."

खोक्यातून अधूनमधून नख्यांचा आवाज यायचा, साडीवर खरवडल्याचा. खरखरही यायची. मी दोन्ही तळवे पुठ्ठ्यावर ठेवले होते आणि आतली प्रत्येक हालचाल मला हातात कळत होती. कळलं की बरं वाटायचं आणि लगेच पुढच्या हालचालीची वाट सुरू व्हायची. सिग्नल लागला की मी पुढच्या गाड्यांच्या नंबरप्लेटा वाचायचो. वाचून झाल्या की पुन्हा वाचायचो.

करोल बागेच्या गर्दीतून निघून रिजचा चढ लागला आणि सगळं थांबलं. पुढे कुठेतरी बस बंद पडली होती. उकाडा असा की रिक्षाचा लोखंडी दांडा हाताला चिकटत होता. डावीकडे हिंदूराव नावाच्या जुन्या हॉस्पिटलची झाडी दिसायला लागली होती. माझी बायको इथून जाताना दर वेळी म्हणायची, "बघा, आपल्या माणसाचं नाव." जणू तो दूरचा मामा. ती तशी दिल्लीत सगळीकडे मराठी नावं शोधत असायची. मी तिकडे बघितलं आणि त्याच वेळी लक्षात आलं की तळव्यांना बराच वेळ काही जाणवलेलं नाही.

मी खोक्याला कान लावला. काही नाही. नख्या नाहीत, खरखर नाही.

"आहे का?" काकूंनी विचारलं.

मी कान तसाच लावून ठेवला.

"बघा की मग उघडून."

"नाही उघडायचं."

"अहो भाऊ, गेली असेल तर उगाच घेऊन जायचं. आणि जात असेल तर..." त्यांनी पिशवीतून लोटी काढली. तळाशी थोडं पाणी उरलं होतं, त्याचा आवाज झाला. "जात असेल तर घाला तुमच्या हाताने. एकदा राहिलंय तुमचं. आता तरी राहू देऊ नका."

त्यांना माहीत होतं, कारण मीच सांगितलं होतं. तशीच एक लोटी आमच्या देव्हाऱ्यातही होती. बायकोच्या आईने काशीहून आणलेली. दवाखान्यात शेवटच्या दिवशी ती माझ्या शर्टच्या खिशात होती. हिच्या तोंडात नळी होती. नर्स म्हणाली, "अंकलजी, मुँह में कुछ नहीं." तिचं बरोबरच होतं. मी काचेच्या दाराबाहेर उभा राहिलो आणि लोटी जशी नेली तशी परत आणली. दुसऱ्या दिवशी भेटायला आलेल्या काकूंनी विचारलं होतं, "पाणी घातलं नं?" मी नाही अशी मान हलवली होती. त्यावर त्या काहीच बोलल्या नव्हत्या, आणि काकू काही बोलल्या नाहीत हेच माझ्या लक्षात राहिलं होतं.

चिकटपट्टीचं टोक माझ्या अंगठ्याखाली होतं. थोडंसं सुटलेलंही होतं. मला ते पाणी घालायचं होतं. हे लिहिताना तेव्हाच्या मनाला काही मोठं कारण जोडावं असं वाटत नाही. घार जिवंत आहे की नाही हे मला बघायचं होतं आणि ती जात असेल तर तिच्या चोचीत पाणी घालायचं होतं, बस. काचेबाहेर उभं राहणं मला आणखी एकदा नको होतं. पण जिवंत असेल तर? झाकण उघडताच ती उजेडाकडे झेपावणार, फाटलेला पंख आपटणार. आणि पाणी तर तिला आधीच जास्त झालं होतं.

मी टोक परत दाबून बसवलं. अंगठ्याने पुन्हा पुन्हा दाबत राहिलो.

"ठेवा ती लोटी," मी म्हणालो.

"दगड आहात," काकू म्हणाल्या आणि तोंड फिरवून झाडीकडे बघत बसल्या. रिक्षावाल्याने मागे न बघता विचारलं, "बाबूजी, फुटपाथ से निकाल लूँ?" आणि उत्तराची वाट न बघता रिक्षा वर चढवली.

केंद्रात पोहोचेपर्यंत खोक्यातून आवाज आला नाही. डॉक्टर तरुण होते, एप्रन घातलेले, घामाने भिजलेले. टेबलावर आमच्या आधीची दोन खोकी होती. मी सांगितलं, पाणी पाजलंय, किती ते माहीत नाही. त्यांनी इतर खोकी बाजूला सारली आणि आमची चिकटपट्टी कापली.

झाकण उघडलं. घार साडीवर बसली होती, मान आत ओढून. डोळे उघडे. तिने डॉक्टरांकडे पाहिलं आणि लगेच नखी उगारली.

"हाय बाप्पा!" काकू एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की शेजारच्या पिंजऱ्यातलं काहीतरी फडफडलं.

डॉक्टरांनी तिला पकडून डोकं खाली केलं, गळा हलकेच दाबला. चोचीतून पाणी गळलं. छातीला स्टेथोस्कोप लावून ते बराच वेळ ऐकत राहिले. फुप्फुसात पाणी गेलंय, म्हणाले. आजची रात्र निघाली तर पंख शिवता येईल. हाड शाबूत आहे. मग त्यांनी मोठी सिरिंज भरली आणि मांडीजवळच्या कातडीखाली सुई घातली. कातडी फुग्यासारखी वर आली.

"ये क्या दे रहे हो?" काकूंनी विचारलं.

"पानी ही है, माताजी. नमक वाला. प्यासी तो है ये. चमड़ी के नीचे से देंगे तो फेफड़े में नहीं जाएगा."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मग हळू आवाजात, मराठीत विचारलं, "यांनाही लावलेलं होतं नं सलाईन? तुमच्या घरच्यांना?"

"हो."

"शेवटपर्यंत?"

"हो."

"मग?" त्या म्हणाल्या.

मी काचेबाहेरून तासन् तास ती बाटली बघत होतो. थेंब पडायचा, पुढचा जमायचा, पडायचा. बघण्यासारखं दुसरं काही नव्हतंच. पण ते पाणी आहे असं माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. आता आलं, आणि त्याने मला स्वस्थ वाटलं असं नाही. घरी आलो, गॅस बंद आहे का बघितलं, बसलो, उठलो. मीठपाणी आणि गंगेचं पाणी यांत फरक असतो की नाही, याचं उत्तर मला कुठल्याही पुस्तकात शोधता आलं असतं, पण मी शोधलं नाही. त्या रात्रीत घार जगते का, एवढंच हवं होतं.

सकाळी उजाडताच मुनिरकातल्या मुलीला फोन केला. घार होती. दुपारी केला. होती. दुसऱ्या दिवशी पंख शिवला. मी रोज फोन करत राहिलो. शेवटी मुलगी म्हणाली, "काका, यार, माझी आईसुद्धा मला एवढे फोन करत नाही. आहे ती. उंदीर खाते आहे. मी अभ्यास करू का?"

थंडी सुरू होता होता तिचाच फोन आला. घारीला केंद्राच्या गच्चीवरच्या उघड्या जाळीत ठेवलं होतं. तिथे बऱ्या झालेल्या घारी आपापल्या वेळेला उडून जातात, कोणी हाकलत नाही. आमची आदल्या दिवशी गेली होती. शेजारच्या टाकीवर थोडा वेळ बसली आणि गेली.

मी खाली जाऊन काकूंना सांगितलं. त्या मेथी निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "जगणारच होती. पाणी कोणतं घातलं होतं!"

मी वाद घातला नाही. वर आलो, देव्हाऱ्यासमोर जरा उभा राहिलो, पुन्हा खाली गेलो आणि आमची लोटी त्यांच्यासमोर ठेवली. डाग तसाच होता.

"हे काय?"

"तुमची फुटली ना. ही ठेवा."

त्यांनी ओल्या हातानेच लोटी उचलली, कानाशी नेऊन हलवून पाहिली. "भरलेली आहे," म्हणाल्या. मग विचारलं, "आणि तुम्हाला?"

"माझं बघू."

"मुलगा माझा दौऱ्यावर असतो. वेळेला तुम्हीच असाल वर. घालाल नं?"

"आणि नळी असली तर?"

काकूंनी मेथीची एक जुडी माझ्याकडे सरकवली. "तर बाहेर उभे राहा," त्या म्हणाल्या. "पण जाऊ नका कुठे."