एका वाकाला एक पायली

माझ्या बायकोनं हळकुंडांची बैलगाडी केली होती. वसमतच्या बाजारातली निवडक हळकुंडं, बारीक दोऱ्यानं बांधलेली. बैल तर असे की वैरण टाकली असती तर खाल्ली असती. तिच्या धाकट्या बहिणीच्या रुखवतात मांडायची होती आणि लग्न दुसऱ्याच दिवशी होतं. पण मागच्या लग्नात वऱ्हाडातल्या एका लेकरानं तिनं केलेला मोर खिशात घालून नेला होता. तेव्हापासून तिला एकच धास्ती: रुखवतावरून काहीतरी जाणार.

"वर ॲक्रिलिकची पेटी घालू," मी म्हणालो. "घरीच वाकवतो. त्यात काय आहे!" हे मी सगळ्या सासरवाडीसमोर म्हणालो, म्हणजे माघार संपली.

जुन्या शेगडीच्या कॉइलची तार फळीवर ताणली आणि ट्रान्सफॉर्मरला जोडली. तार तापली की तिच्यावर शीट धरायची, मऊ पडली की वाकवायची. शीट एकच, वाक चार. पहिला असा बसला की मीच माझी पाठ थोपटायला गेलो. हात पोचेना म्हणून भिंतीला घासून घेतली.

दुसऱ्याला तार एकाएकी लाल झाली आणि शीटला उकळी फुटली. पार चहासारखी. कडेनं बुडबुड्यांची रांग.

"जाळली काय हो?" बायको धावत आली.

"न्हाई, नक्षी आहे."

"काहून खोटं बोलून राहिले?"

तेवढ्यात मला कळलं, शेजारची पिठाची गिरणी थांबली होती. ती चालू असली की आमच्या गल्लीतला पंखा इतका हळू फिरतो की पातीवर माशी बसून डुलकी काढते. थांबली की बल्बकडे बघून कोंबडा आरवतो. गिरणी चालू असली तरच माझी तार बराबर तापायची. मी पळत गिरणीवर.

"चाचा, थोडा वेळ चालवा."

"दळण संपलं भाऊ. रिकामी फिरवून दगड झिजवू काय?"

मागून बायको आली, डोक्यावर पायलीभर ज्वारी. "घ्या दळायला," ती चाचांना म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "अन् तुमी, वाकवा."

गिरणी घरघरली, तार ताळ्यावर आली, दुसरा वाक बसला. तिसऱ्याला दुसरी पायली. चौथ्याला ज्वारीचं पोतं रिकामं झालं, मग गहू गेले.

"अजून किती कोपरे हायत?" चाचा पिठानं पांढरे होऊन ओरडले. "माझा पट्टा तुटंल!"

लग्नात रुखवताभोवती लेकरांची ही गर्दी. एकानं तर पेटी चाटून बघितली. बैल जागचे हलले न्हाईत.

"हे बुडबुडे कशाचे?" नवरदेवाच्या आईनं विचारलं.

"सिद्धेश्वर धरणाचं पाणी सुटलंय," मी छाती काढून म्हणालो, "त्यातून गाडी चालली. मुद्दाम केलंय."

त्या वाकून वाकून बघायला लागल्या. बायकोनं पदर तोंडाला लावला. पाठवणीच्या वेळी तिनं दोन्ही बैल मोजून बहिणीच्या हवाली केले.

घरी आल्यावर माझ्यापुढं परात सरकवली. "तुमचंच पीठ आहे. थापा."

माझ्या भाकरीच्या कडेलाही बुडबुडे येतात. मी म्हणतो, नक्षी आहे.