बटणावरची टेप

आमच्या गावात गाडीची काच वर ठेवून माणसांपुढून जाणं म्हणजे माज. पारावर चार वडीलधारी बसलेली असली की वेग कमी करायचा, काच खाली घ्यायची, राम राम घालायचा, कुणी "चहा?" म्हणालं तर "येताना" म्हणायचं आणि मग पुढं जायचं. मोटारसायकलवर होतो तोवर हा प्रश्न नव्हता, काचच नव्हती. गाडी घेतली आणि ही रीत माझ्या बोकांडी बसली.

बायकोला दोन वर्षांपूर्वी ल्युपस निघाला. अंगातली रोगाशी लढणारी ताकद अंगावरच उलटते, आणि ऊन लागलं की जास्तच. गालांवर लाल चट्टे उठतात, सांधे धरतात, ताप येतो. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, गाडीत बसलात म्हणजे सावलीत बसलात असं समजू नका, बाजूच्या साध्या काचेतून नको ती किरणं आत येतातच. तेव्हापासून ती दिवस मावळल्यावरच बाहेर पडायची. तिचं माहेर फुलंब्रीच्या पुढं, आम्ही राहतो त्या शहरातून जाताना माझ्या गावावरूनच रस्ता. दोन वर्षं तिथंही आम्ही अंधार पडल्यावरच गेलो.

आणि तिच्या आईला अंधारात दिसत नाही. डोळ्यांच्या पडद्याचं दुखणं, रोज थोडं थोडं वाढणारं. दिवसा, दारातल्या उजेडात बसवलं तर समोरच्याचं तोंड तेवढं कळायचं. म्हणजे लेक यायची तेव्हा आईला दिसायचं नाही, आणि आईला दिसायचं तेव्हा लेक येऊ शकायची नाही.

"तिचे डोळे जायच्या आत एकदा माझं तोंड तिला दिसू दे," बायको म्हणाली. लग्नाला चौदा वर्षं झाली, तिनं माझ्याकडं फारसं काही मागितलेलं नाही.

म्हणून गाडीच्या काचांना फिल्म. पुढाऱ्यांच्या गाड्यांना असते तशी काळीकुट्ट नव्हे. नियमात बसणारी, निम्म्याहून जास्त उजेड आत सोडणारी आणि वाईट तेवढी किरणं अडवणारी. जालना रोडवरच्या एका दुकानात शुक्रवारी गाडी लावली. कारागीर पन्नाशीचा, दाढीत मेंदी. साबणाच्या पाण्यानं काच धुऊन, पात्यानं तिच्यावरचा कण न् कण खरवडून, त्यानं फिल्म ओली ओलीच चढवली आणि रबरी पट्टीनं आतलं पाणी कडेला रेटत नेलं. एका काचेला पाऊण तास. मग चारही दारांच्या बटणांवर पांढरी टेप चिकटवली.

"पाँच दिन काँच नीचे नक्को लेओ," तो म्हणाला. "अंदर पानी है, सूखने देओ. बुलबुले दिखे तो हाथ भी नक्को लगाओ."

मी मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं?

पुढचे दोन आठवडे वाळूजच्या कारखान्यात माझी पहिली पाळी होती आणि रविवारीही काम. म्हणून तिसऱ्याच दिवशी, सकाळी दहाला निघालो. काच उघडायची नाही एवढंच ना, नाही उघडणार. ती पुढं माझ्या शेजारी बसली होती. पर्समध्ये रुमाल, छत्री असं सगळं होतं, पण चेहरा उघडा. दोन वर्षांनी ती दिवसाचा रस्ता बघत होती आणि लहान मुलासारखी पाट्या वाचत होती. शहराबाहेर पडताना वाहतूक पोलिसानं अडवलं. दुकानदाराचा कागद बघितला, पुढून वाकून आत नजर टाकली, बायकोचा चेहरा स्वच्छ दिसला, "जा" म्हणाला. एका मिनिटात पोलिसाला पटलं. भावकीला पटवायचं राहिलं होतं.

गावात पारावर माझे चुलते बसलेले. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. मी हॉर्न दिला, हात जोडले, हळू पुढं सरकू लागलो. तात्या उठून सरळ गाडीला आडवे आले. मग बायकोच्या बाजूला जाऊन काचेवर अंगठीनं टकटक केलं.

"काच खाली घे की! सून काचंआड बसती व्हय आता? लई मोठी झाली का?"

पारावरचे हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ह्यांना कुणी सांगितलं हसायला? दोन वर्षं ही बाई गोळ्या खाऊन दिवस ढकलते, आणि ह्यांना रामराम हवा! पण रागानं पेटलेला हा बहाद्दर काय करतो? माझ्या दारावरची टेप नखानं फाडतो आणि तिच्या बाजूची काच खाली घेतो.

ओली फिल्म रबरात अडकली, चुरगळली, वरून सोलत आली. अकराचं एप्रिलचं ऊन तिच्या गालावर, गळ्यावर, मांडीतल्या हातांवर सरळ पडलं. तिनं पदर ओढला तरी तात्या बोलत राहिले. पीकपाणी, कुणाचं लग्न, "पोरी, सुकली की गं." मी हसून उत्तरं देत होतो. काच वर घेतली तेव्हा मधोमध हातभर जागा फिल्मविना उघडीच राहिली.

ती म्हणाली, "गाडी वळवा."

फुलंब्री दिसत होती. तिचं माहेर तिथून वीस मिनिटं. गाडी वळवली. तिनं सगळ्या वाटेत फक्त एक वाक्य म्हटलं, "नाही म्हणायला तुमचं तोंड कुणी बांधलं होतं?"

तिसऱ्या दिवशी गालावर चट्टा उठला, मग ताप. महिनाभर ती अंथरुणात. मी महिनाभर तात्यांना शिव्या घातल्या, रीतीला घातल्या, पाराला घातल्या. कारागिरानं मला घातल्या. सुकून चिकटलेली फिल्म वाफेनं सोडवताना तो एकदाही माझ्याकडं बघून बोलला नाही. नवी लावली, टेप नव्यानं चिकटवली, आणि बायकोच्या बाजूच्या बटणावर दोन पट्ट्या मारल्या. आता त्या काचांना मी कुणाला हात लावू देत नाही. सोसायटीतला गाड्या धुणारा आपलं खरखरीत फडकं घेऊन आला तर मी खेकसतो. मऊ कापड, साबणाचं पाणी, बस्स. उग्र वासाचं फवाऱ्याचं औषध नको, फिल्म खराब होते. एवढी काळजी त्या रविवारी घेतली असती तर!

पूर्ण सात दिवस थांबून आम्ही परत निघालो. पारावर तात्या होतेच. मी गाडी थांबवली, स्वतः खाली उतरलो, वाकून पाया पडलो. काच वरच होती. ते काही बोलायच्या आत मी सांगून टाकलं. आजाराचं नाव, ऊन, ताप, मागच्या वेळी त्या काचेनं काय केलं ते. दोन वर्षं मी गावाला "तिला कामं असतात" असं सांगत होतो. ताकाला जाऊन भांडं लपवत होतो.

तात्यांचा हात माझ्या पाठीवरच राहिला. मग ते चिडले. माझ्याहून जास्त.

"अन् हे आत्ता सांगतो का रे? आम्ही काय लेकराला उन्हात बसवणारे वाटलो? तू बोलला असता तर मी फेटा सोडून काचंवर धरला असता!"

मला त्यांचा राग सोसला नाही, कारण तो खरा होता. महिनाभर मी ज्याला शिव्या घालत होतो त्या माणसाला काही माहीतच नव्हतं. माहीत होतं ते मला, आणि बटण माझ्या हाताखाली होतं.

माहेरी पोचलो. छत्री, रुमाल, चार पावलं, घर. मेव्हण्यानं आईला आधीच दारातल्या उजेडात बसवलं होतं. बायको उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, ऊन पोचणार नाही अशी बसली आणि तिनं रुमाल सोडला. आईनं मान इकडं वळवली, तिकडं वळवली.

"कोण, माझी थोरली का? इथं बस ना गं, उजेडात."

"उजेडातच बसले, आई."

 त्या महिन्यात उरली होती तेवढी नजरही गेली होती, आणि आम्हाला कुणी कळवलं नव्हतं, बायको तापात म्हणून. मग म्हातारीनं दोन्ही हात पुढं केले आणि लेकीचं तोंड चाचपलं. कपाळ, भुवया, नाक. डाव्या गालावर बोटं थांबली.

"हे काय गं इथं खरखरीत?"

मी दारात उभा होतो. बायकोनं माझ्याकडं बघितलंही नाही.

"ऊन लागलं," ती म्हणाली.