मंगळवारचं पाणी

देवीवर माझी श्रद्धा होती, पण खरं सांगायचं तर त्याहून मोठा होता माझा हट्ट. सुरतेत प्लेग येऊन गेला, त्यानंतरची गोष्ट. आमचे हे तिथेच उधन्यात कापडाच्या लूमवर कामाला, मी घरी साड्यांना टिकल्या लावायची. अंगातलं रक्त कमी होत चाललं होतं, चार पायऱ्या चढले की धाप लागायची. तपासणीत मोठ्या आतड्याच्या अगदी सुरुवातीला, एका घडीमागे, चपटी गाठ निघाली. पोट उघडावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. त्याच दिवशी सप्तशृंगीआईला नवस बोलले: गाठ निघेपर्यंत दर मंगळवारी पाण्याचा थेंबही घेणार नाही.

पुढे कळलं, मुंबईचे एक डॉक्टर महिन्यातून एका बुधवारी सुरतेला येतात. दुर्बिणीची नळी खालून पार मोठ्या आतड्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत नेतात, गाठीखाली मिठाचं पाणी टोचून तिला वर उचलतात आणि तारेच्या फासाने तुकड्यातुकड्यांनी कापून काढतात. माझे कागद पाहून त्यांनी कळवलं की प्रयत्न करू, पण आतडं स्वच्छ हवं. घडीमागचं दिसलं नाही तर ऑपरेशनच.

त्या बुधवारच्या आदल्या दिवशी दवाखान्यात दाखल झाले, तो नेमका मंगळवार. औषधाची पूड कालवलेलं बाटलीभर पाणी पिऊन पोट साफ करायचं होतं. हे कामावर गेलेले. मी पेल्यापेल्याने ते सगळं मोरीत ओतलं. नवस मोडला तर गाठ निघेल कशी, एवढंच डोक्यात होतं.

वॉर्डात झाडलोट करणारी मावशी शिरपूरकडची, अहिराणी बोलणारी होती. तिने रिकामी बाटली पाहिली, मग मला पाहिलं.

"का व माय, बाटली रिकामी, पन तू एकदाबी संडासले गई नही. पानी कथा गयं?"

पाणी गेलं कुठे, हेच ती विचारत होती; चोरी पकडली गेली. मी रडत रडत नवस सांगून टाकला. वाटलं, आता ही वॉर्डभर बोभाटा करणार. ती माझ्याजवळ खाली बसली.

"देवीले तुनी तहान कसाले जोयजे? तिनीच तुनाकरता डाक्टर धाडा. पे!"

तिने नर्सकडून दुसरी पूड आणली आणि समोर बसून शेवटच्या पेल्यापर्यंत पाजलं. पहिला घोट घेताना "आई, माफ कर" म्हटलं. त्यानंतर काय विचारता! देवाचं नाव घ्यायलाही उसंत मिळाली नाही.

बुधवारी मी गुंगीत होते, पण बोलणं कानावर येत होतं. नळी वळणावर दोनदा अडली. माणसं कमी, म्हणून डॉक्टरांनी मावशीलाच बोलावलं, "पोटावर इथं दाबून धरा." तिचा खरबरीत तळवा पोटावर टेकला आणि थोड्या वेळाने डॉक्टर म्हणाले, "दिसली गाठ." मी मनातल्या मनात आईला हाक मारली आणि डोळे मिटले.

गाठ पुरती निघाली, तपासणीत कॅन्सर निघाला नाही. पोटावर एक टाकाही पडला नाही. घरी निघताना मावशीच्या पाया पडू लागले, तर तिने मला अर्ध्यातच धरलं आणि हसून बादली उचलली.

कुणी याला योगायोग म्हणेल, म्हणू दे. तहानेच्या बदल्यात मी आईकडे जीव मागत होते. तिने तहान घेतलीच नाही, जीव मात्र दिला.