आप्पांचा उजवा पाय

‘आखो एकदाव, मॅडम,’ असं म्हणून आप्पा पँट घोट्याच्या वर दुमडायचे. आणखी एकदा, एवढाच त्याचा अर्थ. तुटलेल्या धाग्याला गाठ मारताना हेच वाक्य, आणि गरब्याचं पाऊल चुकलं तरी हेच.

सिल्वासात किलवणी रस्त्यावरच्या आमच्या धाग्याच्या कारखान्यात ते मशिन ऑपरेटर होते. मूळचे शहाद्याकडचे. वय पन्नाशीपार, पोट माणसाच्या दोन पावलं पुढे चालणारं. मी लॅबमध्ये, नाशिकहून आलेली, आणि माझं ठाम मत असं की नाच ही खुर्चीत बसून बघायची गोष्ट आहे. तुमच्यातही माझ्या पंथाचे पुष्कळ असतील.

आप्पांचं तसं नव्हतं. नवरात्रात आमच्या कॉलनीत गरब्याची दोन वर्तुळं व्हायची. बाहेरच्यात कुणीही हातपाय हलवावेत. आतल्यात ज्यांचं पाऊल पक्कं तेच. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळे तो पाळायचे. आप्पांना आत जायचं होतं. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, ‘वीस वरीस बाहेरून टाळ्या वाजवल्या. आता आतून वाजवू द्या.’

पॅकिंगमधल्या जागृतीबेनना त्यांनी गुरू केलं. जेवणाच्या सुट्टीत कँटीनमागच्या शेडमध्ये बेन समोर उभ्या राहून पावलं दाखवायच्या आणि आप्पा ती तशीच्या तशी उचलायचे. ‘आप्पा, गरबा करताय की ट्रक रिव्हर्स घेताय?’ म्हणून पोरं चिडवायची. आप्पा हसायचे आणि मोजत राहायचे. वर्षभरात त्यांनी एक दिवस चुकवला नाही.

नवरात्राच्या पहिल्याच संध्याकाळी ते ऐटीत आतल्या वर्तुळात शिरले. ढोल सुरू झाला, सगळे उजवीकडे सरकले आणि आप्पा डावीकडे. शेजारच्या इंजिनीयरच्या चष्म्याची काडी मोडली. पुढच्या गिरकीला त्यांनी खुद्द बेनच्याच पायावर पाय दिला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. समोरून बघून शिकल्यामुळे बेनचा उजवा पाय तो आप्पांचा डावा झाला होता. अख्खा गरबा त्यांना बिनचूक येत होता, पण आरशातला.

हे मीच त्यांना सांगितलं. वाटलं, आता सोडतील. मी तर नक्कीच सोडला असता. आप्पा आपल्या पायांकडे बघून म्हणाले, ‘म्हणजे डावा शिकला. उजवा राहिला. आखो एकदाव.’

अंगात मुरलेलं विसरणं फार अवघड असतं. आता ते बेनच्या मागे उभे राहायचे, आणि घोळ नको म्हणून उजव्या बुटाला मशिनवरचा लाल धागा बांधायचे. डबा खाऊन मीही रोज शेडमध्ये जाऊ लागले. आधी गंमत म्हणून, नंतर त्यांची पावलं मोजायला.

पुढच्या नवरात्रात ते पुन्हा आत शिरले तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले. एक फेरी झाली, दुसरी झाली. गिरकीला सगळ्या पाठी एकदम वळल्या आणि त्यांत आप्पांचीही होती. माझ्या कुर्त्याला कॉलर नव्हती, नाहीतर मी ती ताठ केली असती. असा अभिमान मला स्वतःचाही कधी वाटलेला नाही.

घामाने निथळत ते माझ्याकडे आले. ‘दोन जागी चुकलो.’

‘कुणाला दिसलं नाही, आप्पा.’

‘मला दिसलं ना.’

गेल्या वर्षी निवृत्त होऊन ते गावी गेले. त्या शेडमध्ये आता रिकाम्या बॉबिनची खोकी ठेवतात. या नवरात्राच्या आधी त्यांच्या मुलीने मला एक व्हिडिओ पाठवला. शाळेच्या पटांगणात गावातली तीसेक माणसं गरबा शिकताहेत, बायका आणि शेतावरून आलेले पुरुषसुद्धा. प्रत्येकाच्या उजव्या घोट्याला लाल धागा आहे. सगळ्यांच्या पुढे आप्पा, शिकणाऱ्यांकडे पाठ करून. पाच मिनिटांत त्यांचा चेहरा एकदाही दिसत नाही. ‘आखो एकदाव’ तेवढं ऐकू येतं, आणि सगळे उजवे पाय एकदम उचलले जातात.