येलहंक्याला नेलेली फ्रेंच शब्दांची वही

मार्चमध्ये बंगळूरहून फोन आला आणि मी त्याच दिवशी तिकीट काढलं. आमचे फ्रेंचचे सर तिकडे येलहंक्याला धाकट्या बहिणीकडे राहतात. अर्धांगवायूचा झटका येऊन त्यांची वाचा गेली, त्याला चार महिने झाले होते. मला आधी कळलं नाही, कारण तीन वर्षं मी फोनच केला नव्हता.

सर पुण्यात आम्हा वकिलीच्या विद्यार्थ्यांना फ्रेंच शिकवायचे. इंग्लंडच्या कोर्टांत एकेकाळी फ्रेंच चाले, म्हणून आपण कोर्टात वापरतो ते कितीतरी इंग्रजी शब्द मुळात फ्रेंच आहेत, हा त्यांचा आवडता विषय. अशा शब्दांची त्यांनी वही केली होती. पुणं सोडताना ती मला दिली आणि वाचून शंका कळव म्हणाले. मी पुढच्या आठवड्यात कळवते म्हटलं. वही कपाटात राहिली.

पुण्याहून दुपारी निघणारी गाडी सकाळी येलहंक्याला पोचते. शहराच्या उत्तर भागात काम असेल तर इथंच उतरा. मुख्य स्टेशनवरून उलट यायला ट्रॅफिकमध्ये सकाळ जाते. गाडीत मी वही पहिल्यांदा उघडली. 'व्हर्डिक्ट' म्हणजे खरं बोललेलं. 'पॅरोल' म्हणजे शब्द. परत येईन असा शब्द देऊन कैदी बाहेर पडतो. 'कल्प्रिट'समोर मात्र जागा कोरी होती. तिथं पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'अनघाला विचारणे'.

अनघा म्हणजे मी.

स्टेशनबाहेर इडली-वडा आणि कॉफी साठ रुपयांत झाली. रिक्षावाल्यानं दीडशे सांगितले, 'स्वल्प कमी' म्हटल्यावर शंभरावर आला.

सरांची बहीण लग्न होऊन इथल्या जुन्या मराठी घरात आली, त्याला चाळीस वर्षं झाली. मी काकू म्हणायला गेले तर म्हणाल्या, "अक्का म्हण गं, इथं सगळे तेच म्हणतात." आत नेण्याआधी त्यांनी सांगून ठेवलं, की सरांना आता एकच शब्द येतो, 'सरी'. कानडीत त्याचा अर्थ ठीक आहे. जेवण, औषध, पाहुणे, सगळ्याला तेच. कळून म्हणतात की नाही, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

सर खिडकीशी बसले होते. मी वही त्यांच्या मांडीवर ठेवली आणि 'कल्प्रिट'चं गाडीतच इंटरनेटवर शोधलेलं उत्तर सांगितलं. आरोपीनं गुन्हा नाकारला की कोर्टाचा कारकून फ्रेंचमध्ये म्हणे, 'दोषी आहे, सिद्ध करायला तयार आहोत.' लिहिताना ते आखडून 'कल. प्रिट' एवढंच लिहीत. पुढच्या लोकांना तो एकच शब्द वाटला, आणि आरोपीलाच चिकटला.

सर पानावरून बोट फिरवत राहिले.

"सर, मी फार उशीर केला," मी म्हटलं.

"सरी," सर म्हणाले.

ती माफी होती की नुसता आवाज, मला कळलं नाही. मी बाहेर पडवीत जाऊन रडले. अक्का शेजारी येऊन बसल्या.

दोन दिवस राहून परत आले. वही अक्कांनीच माझ्याकडे परत दिली. रोज कोर्टातून आल्यावर एक पान टाइप करते. शंका आली की सरांना विचारायला हात फोनकडे जातो. मग ती जागा कोरी सोडते आणि पुढचा शब्द घेते. अशा जागा आता एकोणीस झाल्या आहेत.