नागपूरची जागा रेणूने शनिवारीच सोडली

रेणू डोंगरवारशी मी चार महिने बोललो नव्हतो. पन्नाशीच्या मास्तराने आपल्या विद्यार्थिनीवर रुसून बसावं हे शोभत नाही, हे मलाही कळतं. पण तिने केलंच तसं होतं.

मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. रेणू चार वर्षांपूर्वी बारावीला होती. सात किलोमीटर सायकल मारत यायची, पहिल्या बाकावर बसायची आणि मी फळ्यावर चुकलो की हात वर करायची. एकदा मी वैतागून म्हणालो, "मग तूच ये आणि शिकव." ती खरोखर उठून आली. चुकलेलं गणित पुसलं, नीट मांडलं आणि जागेवर जाऊन बसली. उद्धटपणाचा लवलेश नाही. मला राग आला, आणि त्याच दिवसापासून ही पोरगी मला आवडायला लागली.

तिचे वडील दुधरामभाऊ गावतलावाचे पाणकर. म्हणजे कुणाच्या बांधीत, भाताच्या खाचरात, कधी आणि किती पाणी सोडायचं, हे ठरवणारा माणूस. तलाव जुना, तळी बांधण्यात मुरलेल्या कोहळी समाजाने बांधलेला, आणि हे त्यांच्यातलेच. रेणू लहानपणापासून वडिलांच्या मागे तलावाच्या पाळीवर, बांधावरून हिंडलेली. तिला सिव्हिल इंजिनिअर व्हायचं होतं, तेही पुण्याच्या एका नावाजलेल्या कॉलेजातून. त्या कॉलेजचा फोटो तिने वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवला होता.

सीईटीत तिने कमाल केली. पुण्याची जागा ओबीसीतून मिळाली. त्याच आठवड्यात नागपूरच्या एका खासगी कॉलेजच्या ट्रस्टचं पत्र आलं. आपल्या जिल्ह्यातल्या एका मुलीला चारही वर्षं फी, हॉस्टेल, मेस सगळं माफ, आणि ती मुलगी रेणू. पुण्यासाठी कर्ज काढावं लागणार होतं, नागपूरला काहीच लागणार नव्हतं. तरी तिचा जीव पुण्यात होता आणि दुधरामभाऊही कर्जाला तयार होते.

घोडं अडलं जात वैधता प्रमाणपत्रावर. त्यासाठी पणजोबांच्या शाळेची नोंद हवी होती आणि पणजोबा शिकले होते तिकडे डोंगरगडला, दुसऱ्या राज्यात. नोंद सापडली, पण तिची तपासणी व्हायची होती. प्रमाणपत्र मुदतीत आलं नाही तर पुण्याची जागा रद्द. नागपूरला ही अट नव्हती, पण तिथे शनिवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं.

दोन्ही जागा धरून ठेवायच्या, हे मला शेंबड्या पोरालाही कळेल इतकं सोपं वाटत होतं. ट्रस्टच्या ऑफिसात माझा जुना वर्गमित्र गजेंद्र होता. त्याच्या अक्षरशः हातापाया पडून मी रेणूसाठी पंधरा दिवसांची मुदतवाढ कबूल करून घेतली आणि शनिवारी सकाळी स्वतःवर भलताच खूश होऊन तिच्या घरी गेलो.

भाताच्या रोवणीचे दिवस होते. दुधरामभाऊ नुकतेच शेतातून आले होते, गुडघ्यापर्यंत चिखल. रेणूने माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, लिस्टमध्ये माह्या मागं कोन आहे?"

"असेल कोणी. तुला काय करायचंय?"

तिने माझ्यासमोरच गजेंद्रला फोन लावला. मागची मुलगी सालेकसा तालुक्यातली होती, टीना नावाची. रेणूला मुदतवाढ दिली तर नंतर टीनाला बोलवायला वेळ उरणार नव्हता. रेणू पुण्याला गेली की नागपूरची जागा तशीच वाया जाणार होती.

"बाबा, काय करू?" रेणूने विचारलं.

दुधरामभाऊ पाय धूत होते. "बांधी भरल्यावरही कोनी पानी अडवून ठेवलं, तं मी काय करतो?"

"धुरा फोडता. पानी पुढच्या बांधीत जाते."

"मंग? तुले कोनतं पायजे ते धर. दुसरं आजच सोड."

"अहो भाऊ, प्रमाणपत्र नाही आलं तर?" माझा आवाज चढला.

"तं नाही आलं," रेणूच म्हणाली. "मले पुन्यालेच जायचं आहे, सर. मंग नागपूरची जागा मी कायले दाबून ठेवू?"

त्याच दुपारी तिने ट्रस्टला नकार कळवला. मी चहा अर्धा टाकून निघून आलो.

प्रमाणपत्र आलं, मुदत संपल्यावर नऊ दिवसांनी. पुण्याची जागा गेली होती. नागपूरला टीना दाखलसुद्धा झाली होती.

मी मनात म्हणालो, ऐकलं नाहीस, आता भोग. माझं मन इतकं कोतं असेल असं मला वाटलं नव्हतं. एक दिवस दुधरामभाऊ कॉलेजात आले आणि माझ्यासमोर खाली मान घालून बसले. "मास्तर, माह्याच तोंडून निघालं ते. पोरगी काही बोलून नाही राहिली. मलेच जेवन जात नाही."

रेणूने पुन्हा परीक्षा द्यायचं ठरवलं. सकाळी घरचं काम, दुपारी गावातल्या दहावीच्या मुलींची शिकवणी, मग स्वतःचा अभ्यास. चार महिन्यांनी ती स्टाफरूममध्ये येऊन उभी राहिली. "सर, रुसून राहायचं असन तं राहा. पन हे गनित सोडवून द्या." मला हसू आवरेना. रुसवा तिथेच संपला.

दुसऱ्या वर्षी गुण थोडे कमी पडले, पुणे हुकलंच. ट्रस्टची जागा फक्त नुकत्याच बारावी झालेल्यांसाठी होती. चंद्रपूरच्या सरकारी कॉलेजात तिला सिव्हिल मिळालं. आता ती तिसऱ्या वर्षाला आहे आणि मास्तरांच्या चुका तिथेही काढते, असं ऐकतो. टीना शेवटच्या वर्षाला आहे. ती जागा आपल्यापर्यंत कशी आली, हे तिला ठाऊक नाही. मी सांगणार होतो, रेणूने शपथ घातली.

दिवाळीत रेणू घरी आली तेव्हा मी न राहवून विचारलं, "खरं सांग, पस्तावा होतो की नाही?"

तिने कपातला चहा संपवला.

"पुन्याचं वाईट वाटते, सर. अजून रडू येते कधी कधी. टीनाचं नाही वाटत."