दिव्याला पडलेलं खळं

लोहगडाच्या पायथ्याच्या एका गावात मी लोकल बोर्डाच्या शाळेवर मास्तर म्हणून रुजू झालो तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. मिठाचा सत्याग्रह होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. घर तळेगावला, शिक्षण सातवीच्या व्हर्नाक्युलर फायनलपर्यंत, आणि डोक्यात असा पक्का समज की जगातलं बहुतेक सगळं ज्ञान कुठे ना कुठे छापून झालेलं आहे, आपण ते फक्त गोळा करायचं.

ते गोळा करण्यासाठी मी चार वह्या घातल्या होत्या. शास्त्र, कायदा, धर्म आणि वैद्यक. शाळेत पुण्याहून एक साप्ताहिक यायचं, तळेगावच्या वाचनालयातून जुनी मासिकं मिळायची. त्यांतलं काही कापून चिकटवायचो, काही उतरवून घ्यायचो. ग्रहण कशानं लागतं, मृत्युपत्राला साक्षीदार किती लागतात, मुलगा नसेल तर श्राद्ध कुणी करायचं, हिवतापावर कोयनेल कसं घ्यायचं. शाळा सुटली की ओटीवर दोघं-चौघं येऊन बसत आणि विचारत. वहीत असलं तर वाचून दाखवायचो. नसलं तर "उद्या सांगतो" म्हणायचो आणि दुसऱ्या दिवशी काहीतरी सांगायचो. मला माहीत नाही, हे शब्द त्या गावात माझ्या तोंडून कुणी ऐकले नव्हते.

विचारायला येणाऱ्यांत एक मावशी होत्या. वय पन्नाशीच्या आसपास, नवरा दोन वर्षांमागे गेलेला, एकच मुलगी, ती भुशीला दिलेली. जावई लोणावळ्याला रेल्वेत कामाला. मावशी एकट्या भाताची खाचरं सांभाळायच्या. नजर अशी की बियाण्याच्या भातातलं वेगळ्या जातीचे दाणे दुरून ओळखून काढायच्या. त्या पहिल्यांदा आल्या त्या दिराचा कागद घेऊन. दीर म्हणत होता, अंगठा कर, सरकारी काम आहे. मी कागद वाचला. तो जमिनीवरचा हक्क सोडल्याचा कागद होता. भावाभावांची वाटणी आधीच झालेली होती, त्यामुळे जमीन हयातभर मावशींचीच, हे माझ्या कायद्याच्या वहीत होतं. मी त्यांना वडगावला मामलेदार कचेरीत घेऊन गेलो, अर्ज लिहून दिला, आणि चार-सहा महिन्यांत हक्काच्या नोंदीत त्यांचं नाव लागलं. त्यानंतर त्या माझ्या शब्दाबाहेर गेल्या नाहीत. आज वाटतं, त्या वेळी मी चुकलो असतो तर पुढचं सगळं टळलं असतं.

पुढच्या वैशाखात एका संध्याकाळी त्या आल्या आणि ओटीच्या कडेला बसल्या.

"गुरुजी, दिव्याला खळं पडतंय बगा," त्या म्हणाल्या. "चंद्राला पडतं तसं. त्यात रंग बी दिसत्यात. आन उजव्या बाजूला कपाळ लय ठनकतं."

मला प्रश्न फार आवडला, हे कबूल केलं पाहिजे. मी आत जाऊन कंदील लावून आणला, खिडकीचं एक सुटलेलं तावदान होतं त्यावर तोंडाची वाफ सोडली आणि त्यातून त्यांना ज्योत बघायला लावलं. ज्योतीभोवती रंगीत कडं उमटलं. मग मी समजावून सांगितलं, उजेड पांढरा दिसला तरी त्यात सगळे रंग असतात, मध्ये धुकं आलं की ते फुटतात. तुमच्या डोळ्यातही तसंच धुकं धरतंय. त्या थक्क झाल्या. एवढ्यानं माझी छाती फुगली. ते धुकं डोळ्यात आलं कुठून, हे विचारायचं मला सुचलं नाही.

कपाळ ठणकतं आणि कधी उलटी होते, त्याला मी पित्त ठरवलं आणि आमसुलाचं सार घ्यायला सांगितलं. नजर धूसर होते, त्याला वैद्यकाच्या वहीत एकच शब्द होता, मोतीबिंदू. आणि खाली माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं की मोतीबिंदू पिकल्याशिवाय काढत नाहीत. मी त्यांना तेच सांगितलं. घाबरू नका, पिकू द्या, वर्ष-दीड वर्षानं बघू.

गावातला भगत डोळ्यात कसल्याशा पाल्याचा रस घालणार होता, तो मी घालू दिला नाही. एकवीरेला चांदीचे डोळे वाहायचे का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी धर्माची वही काढून नवसाबद्दल बरंच बोललो. त्यांनी निमूट ऐकून घेतलं. भगताला थांबवलं ते बरोबरच होतं, पण त्यामुळे मला वाटू लागलं की ह्या बाईच्या डोळ्यांचा राखणदार मीच.

आषाढात मुलगी भुशीहून आली. तिला आईचं काहीतरी बिनसलंय असं दिसलं आणि लोणावळ्याच्या डॉक्टरला दाखवू या म्हणून ती मागे लागली. मावशी म्हणाल्या, उद्या सांगते. आणि शाळा भरायच्या आधी माझ्याकडे आल्या.

त्यांनी विचारलं, "जाऊ का?"

हा प्रसंग मी पुष्कळदा मनात फिरवला आहे. जा म्हणायला काहीच लागत नव्हतं. पण मला बोचलं. मी सांगितलेलं असताना दुसऱ्या कुणाला विचारायचं काय काम, असं वाटलं. मी म्हणालो, "मावशी, तोही हेच सांगेल. अजून पिकला नाही म्हणेल. लावणीचे दिवस आहेत, कशाला चिखलातून मळवली स्टेशनापर्यंत तंगडतोड करता?"

त्या घरी गेल्या आणि मुलीला म्हणाल्या, मला यायचं नाही. माझं नाव त्यांनी सांगितलं नाही. मुलीनं दोनदा विनवलं, मग चिडून परत गेली.

लावणी झाली, पाऊस सरला, भात कापणीला आलं. कार्तिकात मुलगी पुन्हा आली, तेव्हा तिनं पाहिलं की आई चुलीपुढे बसून भाकरी तव्याच्या बाहेर टाकते आहे आणि उजव्या बाजूनं कुणी आलं तर तिला पत्ताच नसतो. तळेगावला महिन्यातून एकदा पुण्याचे डोळ्यांचे डॉक्टर येत. मी तळेगावचा, म्हणून मुलीनं मला सोबत यायची विनंती केली. मीही गेलो. खरं सांगायचं तर मोतीबिंदू पिकला, आता काढतील, अशाच समजुतीत गेलो. गाडीत मी मायलेकींना शस्त्रक्रिया कशी करतात ते सांगत होतो.

डॉक्टर वयस्कर होते, शांत. त्यांनी मावशींना वर बघायला सांगितलं, पापण्या मिटायला लावल्या आणि दोन्ही हातांच्या बोटांनी मिटल्या डोळ्यांवर हलके दाबून पाहिलं. उजव्या डोळ्यावर बोटं टेकली तशी त्यांची मुद्रा बदलली. मग एक यंत्र लावून बराच वेळ आत पाहिलं. दिव्याभोवती रंग दिसायचे का, असं त्यांनी विचारलं. मावशी हो म्हणाल्या. कधीपासून? वैशाखापासून. कपाळ दुखून उलट्या व्हायच्या का? व्हायच्या.

"हा मोतीबिंदू नाही," डॉक्टर म्हणाले. "काचबिंदू आहे. डोळ्यातल्या पाण्याचा दाब वाढतो आणि मागची नस मरत जाते. उजवा डोळा गेला. तो आता कुणालाच परत आणता येणार नाही. डावा वाचवायचा तर उद्याच्या उद्या पुण्याला न्या."

त्यांनी यंत्र पेटीत ठेवलं. मग डॉक्टर मुलीकडे वळले. आवाज चढवला नाही, पण शब्द कडक होते. "तुम्ही लेक ना? आईला सहा महिने त्रास होतोय. ज्या दिवशी तो रंग दिसला त्या दिवशी आणलं असतंत तर दोन्ही डोळे राहिले असते. इतकी हयगय कशी केलीत?"

मुलगी मान खाली घालून उभी राहिली. मी तिच्यापासून दोन हातांवर होतो. हातात टोपी होती. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं, 'ह्यांना मीच थांबवलं.' ते तिथेच राहिलं. मावशींनी डॉक्टरांच्या आवाजाच्या दिशेनं तोंड केलं.

"तिचा दोस न्हाई, डाक्टर," त्या म्हणाल्या. "लावनीचे दिस व्हते. मीच आले न्हाई."

डॉक्टरांनी सुस्कारा टाकून चिठ्ठी लिहिली. ती चिठ्ठी मी घेतली, मी वाचून दाखवली, मी गाडीची वेळ सांगितली. सगळं सांगण्यासारखं होतं तेवढं मी सांगितलं.

पुण्याच्या मोठ्या इस्पितळात डाव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि तो बराचसा राहिला. मावशी परत आल्या, शेत करू लागल्या, पण पूर्वीच्या त्या राहिल्या नाहीत. एका डोळ्याला अंतर कळत नाही. त्या बांधावरून चालताना पाय चाचपून टाकत. एकदा मला चहा दिला, तेव्हा कपाच्या शेजारी जमिनीवर ओतला आणि कळल्यावर पदरानं पुसू लागल्या. मी म्हणालो, राहू द्या. 

बियाणं निवडायचं काम त्यांनी सोडून दिलं. ते शेजारची एक सून करी, आणि मावशी जवळ बसून तिच्याकडे चेहरा वळवून ऐकत असत.

वैद्यकाची वही मी जाळली बिळली नाही. ती माळ्यावर टाकली, पुढे तिला वाळवी लागली. ओटीवर येणाऱ्यांना मी आजाराबद्दल मला माहीत नाही असं सांगू लागलो. एका माणसाच्या छातीत कळ येत होती, त्याला मी स्वतः कामशेतपर्यंत सोबत करून डॉक्टरकडे नेलं. लोकांनी माझं कौतुक केलं. ते कौतुक मला सोसत नव्हतं, पण नाकारायचं तर कारण सांगावं लागलं असतं. म्हणून तेही घेत राहिलो.

तीन वर्षांनी माझी बदली नवलाख उंबऱ्याकडच्या शाळेत झाली. निरोपाला मावशी आल्या होत्या. आज सांगू, असं मी ठरवलं होतं. माणसं फार होती, एवढं निमित्त मला पुरलं.

मग महायुद्ध आलं. धान्य रेशनवर गेलं, स्टेशनातून लष्कराच्या गाड्या जाऊ लागल्या. बेचाळीसच्या चळवळीनंतरच्या एका मार्गशीर्षात माझी आई डोळ्यांनी अधू झाली. तिला मी त्याच आठवड्यात पुण्याला नेलं. तिचा खरोखरच मोतीबिंदू होता. इस्पितळाच्या बाकावर बसल्या बसल्या मला समजलं की ही तातडी मला कुणी शिकवली आणि तिची किंमत कुणी दिली. आईला घरी पोचवून दोन दिवसांनी मी मळवलीला उतरलो आणि चालत त्या गावात गेलो.

मावशी दारात बसून वालाच्या शेंगा सोलत होत्या. केस पांढरे झाले होते. आवाजावरून मला ओळखलं. मी समोर बसलो आणि एका दमात सगळं सांगितलं. वहीत मोतीबिंदू लिहिलेला होता तो, आषाढात मनात आलेला खोटा अभिमान, आणि डॉक्टरांपुढे गप्प राहिलो ते.

त्या शेंगा सोलतच राहिल्या. मग म्हणाल्या, "मला ठावं हाये की, गुरुजी. मी काय त्या दिशी डाक्टरापुढं भैरी न्हवते."

मी म्हणालो, "मग तुम्ही माझं नाव का नाही घेतलंत?"

"तुमच्यामुळं जमीन ऱ्हायली व्हती. आन गावाला तुमची गरज व्हती. मला वाटलं, तुमी सोताच बोलाल. लय दिस वाट बगितली." सालं बाजूला सारून त्या पुढे म्हणाल्या, "मला सांगून आता काय उपेग? लेकीला सांगा. ती अजून सोताला दोस देती. म्हनती, आषाढात तुला हाताला धरून वडून न्यायला पायजे व्हतं. मी किती येळा सांगितलं, तुजा दोस न्हाई. पन का न्हाई, ते कुटं सांगितलं?"

दहा वर्षं मी फक्त एका डोळ्याचं ओझं वाहतोय असं समजत होतो. डॉक्टरांनी मुलीला बोल लावला तो तिनं घरी नेला, जपून ठेवला, आणि रोज स्वतःला ऐकवला, हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोणावळ्याला उतरून मी भुशीला गेलो. मुलगी धरणाच्या बाजूच्या ओढ्यावर धुणं धूत होती. तिच्या केसांतही पांढरं दिसत होतं. मी ओळख सांगितली, तिला वाटलं आईचं काही झालं, म्हणून आधी तिला धीर द्यावा लागला. मग उभ्या उभ्या सांगितलं. आई आषाढात यायचं नाही म्हणाली ते माझ्या सांगण्यावरून. डॉक्टर तुम्हाला बोलले ते मला बोलायला हवं होतं.

तिनं हातातलं लुगडं पिळलं, दगडावर ठेवलं. 

"मी तितं उभी व्हते," ती म्हणाली. "तुमी बी व्हता."

मी हो म्हणालो.

तिनं पुढे काही विचारलं नाही. क्षमा केली असंही म्हणाली नाही, आणि मी मागितली नाही, कारण मागितली असती तर तिला काहीतरी उत्तर देणं भाग पडलं असतं. तिनं धुण्याचं पाटीभर ओझं उचललं, डोक्यावर घेतलं आणि घराकडे वळली. दहा-बारा पावलं गेल्यावर थांबून म्हणाली की ती ह्या रविवारी आईकडे जाणार आहे. मग चालू लागली.

मी लोणावळ्यापर्यंत चालत आलो. परतीच्या गाडीला दीड तास होता, तो मी फलाटावर उभं राहूनच काढला.